येसाजी उतेकरचा ऑफेन्स

येसाजी उतेकर आयुष्यात एकदाही बास्केटबॉल खेळला नव्हता. ही गोष्ट तो कुणापासून लपवत नसे. कापडे गावाजवळच्या आपल्या खेड्यात शाळेच्या पोरींना शिकवायला उभा राहिला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "मी खेळलो नाय. मी झाडू मारलाय. पण तीस वर्सं मारलाय."

तीस वर्षं तो मुंबईत एका क्लबाच्या मैदानावर ग्राउंडमन होता. सकाळी कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या, संध्याकाळी बॉल गोळा करून पेटीत टाकायचे. मधल्या वेळात कोच लोक पोरांवर ओरडत आणि येसाजी कोपऱ्यात झाडू धरून ऐकत असे. त्याच्या डोळ्यांदेखत पाच कोच आले आणि गेले. प्रत्येकाचं म्हणणं निराळं होतं, पण शिव्या साधारण सारख्याच होत्या. त्या शिव्यांतून जे काही सगळ्यांत समान निघालं ते येसाजीने डोक्यात ठेवलं. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक, दोन दुखरे गुडघे आणि एवढी विद्या होती.

मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाने गावात शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचे दोन खांब उभे करून दिले होते. मंडळाला खरं तर व्यायामशाळा द्यायची होती. पण मंडळातल्या कुणाच्या तरी साहेबाकडे हे जुने खांब पडून होते, तेव्हा गावाला बास्केटबॉलची आवड असल्याचं एकमताने ठरलं. दोन वर्षं त्या खांबांना दोरी बांधून आजूबाजूच्या बायका गोधड्या वाळत घालत होत्या. मग शाळेतल्या अश्विन सरांनी येसाजीला बोलावून घेतलं. अश्विन सर विज्ञान शिकवायचे आणि खेळाचा तासही त्यांच्याच माथी मारलेला होता. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून येसाजीच्या हातात ठेवली आणि ते मोकळ्या मनाने प्रयोगशाळेकडे गेले.

येसाजीची शिकवण फार लांबलचक नव्हती. आधी डिफेन्स. बॉल गेला की पहिल्यांदा मागे पळायचं. रडायचं असलं तर पळता पळता रडायचं. जिच्या हातात बॉल तिच्यासमोर हात वर करून उभं राहायचं, ती आणि आपलं बास्केट यांच्या मधली जागा सोडायची नाही. शॉट सुटला की वर तोंड करून बघत बसायचं नाही, जवळच्या पोरीला पाठीने अडवायचं. डिफेन्स झाला की मग ऑफेन्स. एकमेकींपासून लांब उभ्या राहा. टप्पा कमी मारा, कारण मुरमाच्या मैदानावर बॉल कुठे उडेल हे बॉललाही माहीत नसतं. आणि जी मोकळी असेल तिला बॉल द्या. "एवढंच हाय," तो म्हणायचा. "बाकीचं सगळं टीव्हीवाल्यांसाठी."

डिफेन्स पोरींनी चार महिन्यांत उचलला. दुसऱ्याची म्हैस आपल्या शेतात शिरू न देण्याचा अनुभव सगळ्यांनाच लहानपणापासून होता, त्यामुळे त्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. पाचही जणी सारख्या पळायच्या, सारख्या धडपडायच्या. समोरची टीम कितीही नावाजलेली असो, तिला दहा-बारा गुणांच्या वर जाऊ देत नसत.

ऑफेन्सचं मात्र काही केल्या जमेना. समोरच्यांना दहावर अडवायचं आणि आपण नवावर थांबायचं, असं चाललं होतं. तीन वर्षांत टीम अकरा सामने खेळली आणि अकराही हरली. एकही मोठ्या फरकाने नाही. हे येसाजी अभिमानाने सांगायचा आणि ऐकणाऱ्याला त्याचं काय करावं ते कळायचं नाही.

चौथ्या वर्षी, जानेवारीत, हेडसरांनी त्याला ऑफिसात बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं की एप्रिलमध्ये महाडला स्पर्धा आहे. तिथे एखादा सामना जिंकला तर ठीक, नाहीतर जूनपासून खेळाचा तास गणिताला जाईल. पालकांची तशी मागणी होती. येसाजी हो म्हणाला आणि चहा न पिताच उठला. तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या खेळाची जागा साफ ठेवत आला होता. आता कुठे पोरी घामाघूम होऊन त्याच्यासमोर उभ्या राहत आणि विचारत, "आबा, आता काय करू?" त्याला उभ्या जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं. ते जाणार म्हटल्यावर त्याच्या छातीत कळ आली, आणि ती गॅसची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा मैदान झाडायला गेला. शाळेत शिपाई होता, पण मैदान येसाजी स्वतः झाडायचा. लोक पेपर वाचतात तसं तो झाडण्याआधी मैदान वाचायचा. कोण कुठे घसरलं, कोण टाचेवर पळतं, कुणाचा बूट फाटलाय, हे त्याला मातीत दिसे. त्या दिवशी त्याला बास्केटच्या डाव्या बाजूच्या कोपऱ्यात दोन टाचा रुतलेल्या दिसल्या. कुणीतरी तिथे उभं राहून पायांची चुळबुळ केली होती, वळून पाहिलं होतं, परत उभं राहिलं होतं. तासभर तरी. आणि त्या जागेच्या आसपास बॉलचा एक टप्पासुद्धा उमटलेला नव्हता.

ती सोनालीची जागा होती. सोनाली वरच्या वाडीची. वाडी डोंगराच्या कुशीत, तिथून शाळेत उतरून यायला पाऊण तास लागे, आणि तरीही ती सगळ्यांच्या आधी यायची. एकटी असली की त्याच डाव्या कोपऱ्यातून शॉट मारत बसायची. दहातले सात तरी आत. हे येसाजीने कितीदा पाहिलं होतं. मग खेळ सुरू झाला की ती तिथेच उभी राहायची, मोकळी, अगदी येसाजीने सांगितलं होतं तशी, आणि बॉल काही तिच्याकडे यायचा नाही.

येसाजीने झाडू बाजूला ठेवला आणि बॉलचा माग काढला. तीन दिवस काढला. बॉल आधी जायचा तेजश्रीकडे. तेजश्री म्हणजे त्याचीच नात, नववीतली, टीमची कॅप्टन. तिच्याकडून स्नेहलकडे. स्नेहलकडून विहिरीजवळ राहणाऱ्या पोरीकडे, तिच्याकडून शाळेला लागून घर असलेल्या पोरीकडे, आणि तिथे अडकला की उलट फिरून तेजश्रीकडे. रोज हीच वाट. ही वाट आपण कुठेतरी पाहिलीये असं येसाजीला वाटत राहिलं, पण आठवेना. चौथ्या दिवशी पडवीत चहा पिताना त्याची नजर समोरच्या गल्लीवर गेली आणि चहा तसाच राहिला.

ती पालखीची वाट होती.

शिमग्याला भैरवनाथाची पालखी घरोघर फिरते. तिचा क्रम ठरलेला. पहिला मान उतेकरांच्या थोरल्या घराचा, म्हणजे येसाजीचा. त्यांच्या कुठल्यातरी पूर्वजाने काहीतरी मोठं काम केलं होतं. काय केलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही, पण मान आठवतो. नंतर स्नेहलचं घर, मग विहिरीजवळचं, मग शाळेजवळचं, आणि असं करत करत दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्यात शेवटी, वरची वाडी. तिथे पोचेपर्यंत खांदेकऱ्यांचे खांदे सोललेले असतात आणि ढोलवाल्यांना उतरायची घाई झालेली असते.

संध्याकाळी त्याने पोरींना गोल बसवलं. "बॉल पयला तेजूला द्या असं मी कदी सांगितलं?"

"नाय," पोरी म्हणाल्या.

"मग कोणी सांगितलं?"

"कोणी नाय."

"मग का देता गो?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. स्नेहल म्हणाली, "आबा, पयला तिलाच द्यायचा असतो ना?" तिच्या बोलण्यात कसला राग नव्हता की रुसवा नव्हता. पाऊस वरून पडतो अशा सुरात ती सांगत होती. सोनालीनेही मान डोलावली.

येसाजीने हुकूम काढला: उद्यापासून बॉल पहिला सोनालीला. पोरी आज्ञाधारक होत्या. दुसऱ्या दिवशी बॉल पहिला सोनालीकडे गेला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतल्यासारखा क्षणभर धरला, आणि तेजश्रीला दिला. तिथून पुढे जुनीच वाट. एकदा सोनाली पाय मुरगळून खाली बसली होती तरी चौघी जणी ती उठेपर्यंत बॉल धरून थांबल्या, कारण पहिला तिला द्यायचा होता.

तेव्हा येसाजीच्या लक्षात आलं की डिफेन्स एवढा चांगला का जमला. डिफेन्समध्ये मान नव्हता. मागे पळण्यात, अडवण्यात, धडपडण्यात पहिलं कोण आणि शेवटचं कोण, याची कुणालाच पडलेली नव्हती. मान होता तो बॉलला. आणि पोरी तो मैदानावर शिकल्या नव्हत्या, त्या गल्लीतून शिकून आल्या होत्या. मैदान कितीही झाडलं तरी ते निघणार नव्हतं.

शिमग्याच्या आधी देवळात गावकी बसली. येसाजीचा चुलतभाऊ धोंडू गावकीचा प्रमुख. त्याने पालखीचा क्रम वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला काय बोलायचं हाय?" हा प्रश्न दरसाल विचारला जातो आणि गेल्या चाळीस वर्षांत त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. धोंडूने कागदाची घडी घालायला घेतलीही होती.

येसाजी उभा राहिला. "आमचा पयला मान या वर्सापासून वरच्या वाडीला द्या. आमच्याकडं पालखी शेवटाला आली तरी चालंल."

धोंडूने अर्धी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"दादा," धोंडू म्हणाला, "कोणाशी भांडण हाय काय तुझं?"

"नाय."

"नवस?"

"नाय."

"मग कशाला?"

"ऑफेन्ससाठी," येसाजी म्हणाला.

मुंबई मंडळाचे सेक्रेटरी फोनवर होते. फोन लाऊडस्पीकरवर टाकून देवाच्या पायरीवर ठेवलेला होता. त्यातून आवाज आला, "कशासाठी म्हणाले?"

"ऑफेन्ससाठी," धोंडूने वाकून फोनला सांगितलं.

"हे कुठल्या खात्याचं आहे? आमच्याकडे पत्र आलेलं नाही."

मग येसाजीने समजावून सांगितलं: डावा कोपरा, रुतलेल्या टाचा, बॉलची वाट. त्याने तांदळाच्या दाण्यांनी कोर्ट मांडून दाखवलं. गावकीने ते गंभीरपणे पाहिलं. कुणी हसलं नाही, कारण मानाची गोष्ट होती. शेवटी एक म्हातारा म्हणाला, आपण कोण ठरवणार, कौल लावा. पुजाऱ्याने देवाला फूल लावलं. फूल उजवीकडे पडलं. देवाला बास्केटबॉलचं काही वावडं दिसलं नाही.

वरच्या वाडीची माणसं दाराजवळ बसली होती. त्यांतला सोनालीचा आजा घाबराघुबरा होऊन उठला. "पयली आमच्याकडं? सकाळच्या पारी? आमचं सारवून कसं व्हायचं एवढ्यात?" त्याला खाली बसवायला दोघे लागले.

येसाजी हलक्या पावलांनी घरी आला आणि तिथे त्याला कळलं की आपण एका माणसाला विचारायचं विसरलो. त्याची बायको, बनुबाई, भाकऱ्या थापत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मान तुमच्या एकट्याचा होता काय वो?" ती म्हणाली. "चाळीस वर्सं पयल्या पालखीचं अंगण मी सारवलं. तुमी तिकडं मुंबईत दुसऱ्याचं अंगण झाडत होतात."

चूक येसाजीची होती आणि ती त्याला कळलीही, पण कौल झाला होता. त्या दिवसापासून बनुबाई त्याच्याशी तेजश्रीच्या मार्फत बोलू लागली. "तुझ्या आबाला सांग, भात वाढलाय." आबा तिथेच, हाताच्या अंतरावर, ताटासमोर बसलेले असत.

शिमग्याच्या दिवशी ढोल वाजू लागले. बनुबाईने अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, आरतीचं ताट लावलं होतं. हात ऐकत नव्हते. पालखी गल्लीत आली. खांदेकऱ्यांचे पाय सवयीने येसाजीच्या अंगणाकडे वळले आणि धोंडूला पुढे होऊन त्यांना वरच्या वाटेला लावावं लागलं. पालखी दारावरून पुढे गेली. बनुबाई ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने तिथूनच हात जोडले आणि ती आत गेली. आपल्याला काही वाटणार नाही असं येसाजीने धरलं होतं. पण वाटलं. पडवीच्या खांबाला टेकून तेजश्री उभी होती. ती आजीकडे बघत होती, मग आजोबांकडे, मग डोंगराकडे चढत जाणाऱ्या ढोलांकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी त्यांच्याकडे आली तेव्हा खांदेकरी दमलेले होते, आणि त्यांनी दोनदा पाणी मागितलं.

एप्रिलमध्ये टीम महाडला गेली. मैदान सिमेंटचं होतं, समोरची टीम शहरातली, सगळ्यांचे बूट एकसारखे. बनुबाईही आली होती. नातीसाठी, असं तिने तेजश्रीमार्फत कळवलं होतं. ती येसाजीपासून लांब, मैदानाच्या पलीकडच्या पायरीवर छत्री उघडून बसली.

डिफेन्स नेहमीसारखा झाला. समोरच्या कोचने पहिल्या दहा मिनिटांत तीनदा डोक्याला हात लावला. आणि ऑफेन्समध्ये काहीतरी नवीन घडलं: तेजश्रीने, कुणी न सांगता, बॉल डाव्या कोपऱ्यात सोनालीला दिला. येसाजी खुर्चीतून अर्धा उठला. सोनालीने बॉल झेलला. समोर कुणी नव्हतं. तिने बास्केटकडे पाहिलं, आणि बॉल तेजश्रीला परत दिला.

असं सहा वेळा झालं. येसाजीने टाइमआउट घेतला.

"मारत का नायस गो?"

"चुकला तर?" सोनाली म्हणाली.

"चुकला तर मागं पळायचं. दुसरं काय?"

"पन तेजू मारते ना, आबा." ती खाली बघत होती. "मी मधी कशाला?"

पहिला मान येसाजीने सोडला होता, देवाने उजवा कौल दिला होता, घरात अबोला आला होता, आणि इतकं होऊन पोरगी तो मान दोन्ही हातांनी परत करत होती. देणं त्याच्या हातात होतं. घेणं त्याच्या हातात नव्हतं, आणि ते कसं शिकवायचं हे पाचांपैकी एकाही कोचच्या शिव्यांत आलेलं नव्हतं. तेजश्री शेजारी उभी राहून पाणी पीत होती. ती सोनालीकडे बघत होती.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा गुण अकराला दहा होते. दहा आपले. तेजश्रीकडे बॉल होता आणि तिच्या अंगावर दोन पोरी. तिने बॉल सोनालीला दिला. सोनालीने झेलला, वळली आणि परत द्यायला हात पुढे केले.

तेजश्रीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. प्रार्थनेला उभं राहतात तसे, घट्ट.

सोनाली स्नेहलकडे वळली. स्नेहलने एकदा तेजश्रीकडे पाहिलं आणि तिनेही हात मागे घेतले. मग तिसरीने. मग चौथीने. भर सामन्यात चार पोरी पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. समोरच्या टीमला हा कुठला डाव ते कळेना आणि त्याही जागच्या जागी थबकल्या. पंचाने शिट्टी तोंडाशी नेली, पण हात मागे घेण्याविरुद्धचा नियम त्याला आठवेना, म्हणून ती तशीच धरून ठेवली.

"आबा!" सोनाली ओरडली. येसाजीनेही आपले हात मागे घेतले. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या पायरीवरून छत्री खाली पडल्याचा आवाज झाला. बनुबाई उभी राहिली होती. "अगो मार की सोनाली!" ती सगळ्या महाडला ऐकू जाईल अशी ओरडली. "तुझाच हाय तो! मार!"

सोनालीने मारला. बॉल रिंगला लागला, वर उडाला, पुन्हा रिंगवर आला, आणि आत पडला. येसाजीला रडू आलं. त्याने ते पुसलं नाही, कारण त्याचे हात अजून मागेच होते.

बाराला अकरा. बारा आपले. पोरी मागे पळाल्या. शहरातल्या पोरी तुटून पडल्या, पण आत शिरायला जागा मिळेना. शॉट सुटला, चुकला, खाली धडपड झाली आणि बॉल स्नेहलच्या हाती लागला. आठ सेकंद उरले होते. स्नेहलने नेहमीसारखी मान वर करून तेजश्रीला शोधलं.

"हितं!" डाव्या बाजूने आवाज आला. त्या मैदानावर किंवा दुसऱ्या कुठल्याही मैदानावर हा आवाज तीन वर्षांत कुणी ऐकलेला नव्हता. सोनाली दोन्ही हात वर करून पळत होती. "हितं दे गो, मला दे!"

स्नेहलने दिला.